दोन ओळींमधलं वावर

खानदेशात दुसऱ्याच्या वावरात शिरलेला माणूस आधी पीक बघत नाही, तण बघतो. कपाशी छातीला लागलेली असो की केळीचे घड जमिनीला टेकलेले असोत, सरीत हराळी दिसली की त्याचं मत बनून गेलं. मालक आळशी आहे, किंवा भावाभावांत वाटणीचं काही चाललंय, किंवा पोरगं पुण्याला गेल्यापासून घरात कोणाचं लक्ष राहिलेलं नाही. असे निष्कर्ष आमच्याकडे गवताच्या चार काड्यांवरून निघतात आणि संध्याकाळपर्यंत पारावर पोचतात.

माझ्या दाजींची द्राक्षबाग साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अंगाला आहे. तिथे दोन ओळींमधल्या जागेत गेली काही वर्षं ताग असतो, चवळी असते आणि कोणी न पेरता आलेलं बरंच काही असतं. रस्त्याने जाणारा मोटारसायकल हळू करून विचारतोच, "काय नाना, बागमा बठ्ठं गवतच शे!" दाजी हसून हात वर करतात. ताई हसत नाही. तिला ते लागतं. मी मात्र त्या गवतावर फिदा आहे. अर्थात मला फिदा असणं परवडतं, कारण बँकेचे हप्ते दाजींना भरायचे असतात. हे आधीच सांगून टाकते.

खानदेश म्हटलं की लोकांना केळी आठवते, कापूस आठवतो, फार तर वांग्याचं भरीत. द्राक्षं नाशिकची. पण 1869 मध्ये नाशिक जिल्हा वेगळा निघाला तेव्हा मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हे भाग खानदेशातूनच तिकडे गेले. अहिराणी काही जिल्ह्याची हद्द विचारून बोलली जात नाही. सटाण्याच्या बाजारात आजही ती ऐकू येते. दाजी द्राक्षं शिकले तेही सटाण्याच्या सोयऱ्यांकडून, आणि अर्लीचा, म्हणजे हंगामाआधी माल काढायचा, नाद लागला तोही तिथूनच.

नाशिककडच्या बहुतेक बागांत गोड छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास होते. बागलाणातले अर्लीवाले ती जुलै-ऑगस्टातच उरकतात, काही जण त्याहूनही आधी. माल डिसेंबरात निघतो. तेव्हा बाजारात दुसरं द्राक्ष फारसं नसतं, भाव चढा मिळतो. अडचण एवढीच की कोवळी फूट आणि फुलोरा हे सगळं पावसात सापडतं, आणि डाउनीला (केवडा रोगाला) ओलं पान मिळालं की बाकी काही लागत नाही. एका रात्रीत घड जळाल्याचं ज्याने पाहिलंय, तो आभाळ भरून आलं की पंपाकडेच धावतो. त्याला कोणी नावं ठेवू नयेत. मीही ठेवत नाही. पण चढ्या भावासाठी आपण जी जोखीम घेतो, तिचा मोठा वाटा जमिनीच्या नावावर टाकतो, एवढं मान्य करायला हवं.

डाउनीवरचं सगळ्यात जुनं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना. फ्रान्समध्ये बोर्डोच्या परिसरात, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळसर पाणी शिंपडत असत. नेमक्या त्याच वेली रोगातून वाचल्याचं मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्याने ते जगापुढे मांडलं. (द्राक्षचोरांचे शेतीवर उपकार आहेत, असं म्हणायला हरकत नाही.) सेंद्रिय शेतीतही ते चालतं, त्यामुळे आपल्याकडे बोर्डो म्हणजे साधंभोळं, घरगुती औषध असा समज आहे. ‘आम्ही रसायन मारतच नाही, फक्त बोर्डो मारतो,’ असं छाती काढून सांगणारे मला भेटलेत.

हिशेब करून बघू. एक टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद. एकरी 400 लिटर पाणी धरलं तर चार किलो मोरचूद झालं. मोरचुदात साधारण पाव हिस्सा तांबं असतं. म्हणजे एका फवारणीला एकरी एक किलो तांबं. युरोपीय संघाने पिकांवरच्या तांब्याला घातलेली मर्यादा आहे हेक्टरी सात वर्षांत 28 किलो, म्हणजे सरासरी वर्षाला चार. आपल्या एकरात ती येते वर्षाला 1.6 किलो. पूर्ण ताकदीच्या दोन फवारण्याही त्यात बसत नाहीत. आणि तांबं कुजत नाही, उडून जात नाही. पानावरून ओघळतं, पानगळीबरोबर खाली येतं आणि वरच्या वीतभर मातीत चिकटून बसतं. गांडुळांचा, बुरशांचा, जिवाणूंचा मुक्कामही त्याच वीतभर मातीत. आपल्या काळ्या जमिनीने इथे थोडं सांभाळून घेतलंय, हेही खरं. ती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. अशा जमिनीत तांबं कमी विरघळतं, म्हणून आम्लधर्मी जमिनीत होतो तेवढा त्रास लगेच दिसत नाही. पण वर्षानुवर्षं ते साठत राहतंच.

गंमत म्हणजे 2015 पासून जी जमीन आरोग्य पत्रिका मिळू लागली, तिच्यातल्या बारा घटकांत तांबंही आहे. ते आहे सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून: कमी पडतंय का, हे बघायला. बागायतदार ते ‘पुरेसे’ वाचून समाधानाने कागदाची घडी घालतो. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश सगळं त्या पत्रिकेत असतं. त्या मातीत कोणी जिवंत आहे की नाही, हे विचारलेलं नसतं. दुसरीकडे फळाची तपासणी बघा. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांवरून भारतीय द्राक्षं युरोपात अडकली आणि बागायतदारांचे डोळे पांढरे झाले. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात, मण्यावर काय उरलं याचा कणाकणाने हिशेब लागतो. जमिनीत काय उरलं हे दाजींना अजून एकाही व्यापाऱ्याने विचारलेलं नाही.

एका उन्हाळ्यात खरड छाटणीनंतर, म्हणजे माल निघाल्यावरच्या छाटणीनंतर, दाजींनी मला कुदळ घेऊन बागेत नेलं. बागेचा एक कोपरा त्यांनी जुन्या पद्धतीने, एकदम चकाचक ठेवला होता. तिथे खोडापासून हातभर अंतरावर घाव घातला तर कुदळ उसळली. वरचा थर खापरासारखा, खाली ढेकळं, ट्रॅक्टरच्या चाकोरीत तर पहारच लागली असती. ड्रिपच्या थेंबाखाली तेवढा एक ओला गोळा आणि त्यात दाटीवाटीने कोंबलेली तपकिरी मुळं. आमच्याकडे मे महिन्यात हवाच 44-45 अंशांवर जाते; उघडी काळी माती त्याहून कितीतरी जास्त तापते. त्या मातीत वर येण्याची हिंमत कोणतं मूळ करील?

मग आम्ही आच्छादनाच्या ओळीत गेलो. वर तागाच्या वाळक्या काड्या, छाटणीच्या काड्यांचा भुगा, गेल्या वर्षीच्या कपाशीच्या पराट्यांचे तुकडे. ते बाजूला केलं तर खाली गारवा होता. माती बोटांनी उकरता आली. पांढरी, ताजी मुळं थेट त्या कुजक्या थरात शिरलेली होती आणि पाल्याचे तुकडे एकमेकांना पांढऱ्या जाळीने शिवलेले होते. भिंग लावल्यावर पिसवेपेक्षा लहान, उड्या मारणारे किडे दिसले. एक वाणी होता, लाल रंगाचे कोळी होते, आणि एक गोम बघून मी मागे सरले. दाजी म्हणाले, "ही पांढरी जाळी म्हणजे मायकोरायझा ना?" नव्हे. ती पाला कुजवणारी बुरशी. मायकोरायझा म्हणजे जिवंत मुळांच्या संगतीने राहणारी बुरशी, ती साध्या भिंगातून दिसत नाही. मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागतात. दुकानात मिळणाऱ्या पिशवीवर तिचं चित्र असतं, म्हणून लोकांना वाटतं ती डोळ्यांना दिसते.

द्राक्षाच्या मुळाला मूलरोम कमी असतात. त्यामुळे मायकोरायझा त्याला फार उपयोगी. ती मुळाच्या आत शिरून राहते, बाहेर दूरवर धागे पसरवते, स्फुरद आणि जस्त आणून देते आणि बदल्यात वेलीकडून साखर घेते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद भरपूर असतं, पण चुन्याने धरून ठेवलेलं. ते सोडवून आणायला अशी मदत लागतेच. आता आपण काय करतो? ड्रिपमधून विद्राव्य स्फुरद सोडत राहतो. आयता स्फुरद मिळाल्यावर वेल बुरशीला साखर कशाला देईल? संगत सुटते. त्यात रोटाव्हेटर फिरवून उरलेले धागे तोडतो. आणि मग तीच बुरशी पिशवीतून विकत आणून ड्रिपने सोडतो. हा व्यवहार मला अजून कोणी नीट समजावून सांगितलेला नाही.

मुळं तरी कोणाची? वर थॉमसन जातीची वेल असली तरी खाली जिच्यावर कलम केलंय तो खुंट डॉगरीजचा, मूळचा टेक्सासच्या रानातला. खारं पाणी आणि सूत्रकृमी (मुळांवर जगणारे सूक्ष्म कृमी) सहन करतो म्हणून आपण तो आणला. वेलीचा अर्धा देह परदेशी, अर्धा घरचा म्हणावा तर तोही बाहेरून आलेला. जमीन मात्र इथलीच, आणि जमिनीतली वस्तीही इथली. गांडुळांचंच घ्या. आमच्याकडे गांडूळ म्हटलं की लोक गांडूळखताचं बेड दाखवतात. त्यातली लालसर गांडुळं, आयसेनिया फेटिडा, शेणाकुजक्यात राहणारी. ती बेडमध्ये छान काम करतात, पण काळ्या जमिनीत खोल बिळं करून पाणी मुरवणं हे त्यांचं काम नव्हे. ते करणारी आपली गावठी गांडुळं फिकी असतात आणि उन्हाळ्यात खाली जाऊन अंगाची गाठ मारून पडून राहतात. पाऊस पडला की वर येतात, वर खायला पालापाचोळा असेल तर थांबतात. बागेत पाला ठेवायचा नाही आणि गांडुळं किलोवर आणून सोडायची, याचा अर्थ पाहुणा बोलवायचा आणि चूल पेटवायची नाही.

दाजींना आकडे पटत नाहीत, हातात काहीतरी दिसावं लागतं. म्हणून मी तात्यांचं, म्हणजे ताईच्या सासऱ्यांचं, जुनं सुती धोतर मागून घेतलं. त्याचे सारखे तुकडे केले आणि पोळ्याच्या आसपास वीतभर खोल पुरले: काही चकाचक कोपऱ्यात, काही तागाच्या ओळीत. कापूस म्हणजे निव्वळ सेल्युलोज. जमिनीत खाणारे असतील तर खाणारच. दिवाळीला गेले तेव्हा उकरले. कोपऱ्यातला तुकडा डागाळला होता, कडेला विरला होता, पण झटकून हात पुसता आले असते. तागाच्या ओळीतल्या तुकड्याचा काठ तेवढा हाती लागला, मधलं कापड गायब. तात्या तो काठ उलटसुलट करून बघत राहिले. धोतर गेल्याचं त्यांना वाईट वाटलं की काय, कळेना. आता शास्त्र म्हणून विचाराल तर हा पुरावा कच्चा आहे. आच्छादनाखाली ओल जास्त, आणि ओलीत कापड लवकर कुजतंच. पण ती ओल तिथे टिकली ती आच्छादनामुळेच, असं दाजी म्हणाले, आणि मी वाद घातला नाही.

तात्यांनी पांझरेवरची फड पद्धत चालू असताना पाहिली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या सगळ्या गावाच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, एखादा कोरडा. दर वर्षी फिरवाफिरव. कोणत्या फडात काय घ्यायचं हे एकट्या मालकाच्या मनावर नसे. पाटकरी पाणी फिरवणार ते ठरल्याप्रमाणेच. त्यात तंटे नव्हते असं नाही, तात्या ते तंटेही तपशिलाने सांगतात. पण पाण्याच्या शिस्तीमुळे जमिनीला आपोआप पालट मिळायचा. पुढे विहिरी, मोटारी, धरणं आली, ज्याचं पाणी त्याच्या हातात आलं, फड बहुतेक ठिकाणी मोडले. तरी बेवड बघायची सवय लोकांत राहिलीच. कांदा लावायच्या आधी हरभरा होता की मका, हे आजही विचारतात. द्राक्षात तो प्रश्नच संपतो. एकदा बाग लावली की पंधरा-पंधरा वर्षं तीच मुळं, तेच खत, तीच औषधं, तीच चाकोरी. "वावरले बी दम खाऊ द्या," हे तात्यांचं बोलणं पोरं ऐकून सोडून देतात, कारण मांडव घातलेल्या वावराने दम खायचा कुठे?

मला विचाराल तर दोन ओळींमधल्या त्या नऊ-दहा फुटांत. वेल फिरवता येत नाही, पण तिच्या शेजारी काय उगवतं ते फिरवता येतं. मृगात ताग पेरायचा, फुलावर आला की कापून तिथेच पाडायचा. पुढच्या वर्षी चवळी, मधे एखादं धान्यवर्गी पीक. ताग-चवळी हवेतला नत्र आणतात, धान्याच्या मुळांचं जाळं माती बांधून ठेवतं, आणि या सगळ्यांच्या मुळांवर मायकोरायझा जगते. (मोहरीच्या कुळात ती जगत नाही, हिरवळीच्या खतात मोहरी मिसळायचा सल्ला ऐकताना हे लक्षात असू द्यावं.) चवळीवर मावा येतो, माव्यामागे ढालकिडे येतात. तागाच्या नत्रामुळे वेलीला माज येतो हेही खरं आहे, आणि माजलेल्या फुटीवर डाउनी जास्त. दाजींनी त्या प्रमाणात युरिया कमी केला तेव्हाच ते बसलं.

शेजाऱ्यांना यातलं काहीही पटलं नव्हतं. त्यांना पटला तो चिखल. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, औषध मारायची घाई, आणि काळ्या रानात ट्रॅक्टर उतरवला की चाक रुततं. चकाचक बागांत दोन-दोन दिवस कोणाला आत जाता येईना. दाजींचा ट्रॅक्टर कापलेल्या गवतावरून आरामात फिरला. शेजारच्या आप्पांनी ते बघितलं आणि पुढच्या मृगात तागाचं बियाणं आणलं. पेरलं मात्र मागच्या ओळींत. रस्त्याकडच्या ओळी अजून आरशासारख्या लख्ख आहेत.

गवताच्या भानगडीही कमी नाहीत. उंदीर वाढतात आणि ड्रिपच्या नळ्या कुरतडतात. पाण्याची ओढ असलेल्या वर्षी ताग वेलीच्या तोंडचं पाणी पितो, तेव्हा तो वेळेआधी कापावा लागतो किंवा एकाआड एक ओळीतच घ्यावा लागतो. पण सगळ्यात मोठी हरकत आली ती कामावरच्या बायांकडून. विरळणीला, जीएत (मणी फुगवणाऱ्या संजीवकात) घड बुडवायला पाड्यांवरून बाया येतात. दिवसभर मांडवाकडे माना वर, पाय गवतात. त्यांच्यातल्या एकीने दाजींना सरळ सांगितलं, घोणस दिसली, आम्ही या ओळीत येणार नाही. जमिनीतल्या जीवसृष्टीवर लिहिणारे आम्ही लोक कागदावर गवत वाढवतो. त्यात चपलेने उभं राहायचं असतं दुसऱ्याला. तेव्हापासून बायांच्या कामाआधी गवत घोट्याच्या खाली आणायचं असं ठरलं, आणि दाजींनी गमबूट आणले. बूट बायांना गरम होतात म्हणून त्या घालत नाहीत. तो प्रश्न तिथेच आहे.

खोडालगतच्या पट्ट्यात दाजी अजून तणनाशक मारतात. माझा विरोध आहे. ताईचं म्हणणं, मग तू ये खुरपायला. बोर्डो त्यांनी अर्ध्या टक्क्यावर आणलाय आणि वारनुसार मारायचा सोडून हवामानाचा अंदाज बघून मारतात, एवढ्यावर आमचा समझोता आहे.

आता पुढच्या वर्षी बागेचा जुना एकर काढायचाय. वेली थकल्या, माल उतरत चाललाय. दाजींचा विचार असा की जानेवारीत वेली उपटायच्या, ट्रेंचर फिरवायचा आणि लगेच खुंट लावायचे, म्हणजे एक वर्ष वाया जात नाही. मी आणि तात्या एका बाजूला झालोय: इतक्या वर्षांनी ते रान उघडं होणार, तर पावसाळ्यात ताग गाडावा, रब्बीत दादर ज्वारी किंवा हरभरा घ्यावा आणि मगच खुंट लावावेत. जुन्या मुळांवरचे सूत्रकृमी आणि रोगट बुरशा नव्या मुळांची वाटच बघत असतात, हे दाजींनाही ठाऊक आहे. पण दादरीच्या कडब्याने मांडवाच्या कर्जाचा हप्ता फिटत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. ताई हिशेबाची वही घेऊन बसली की आम्ही दोघं गप्प होतो. रोपवाटिकेवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला, दाजींनी नोंदणीचे पैसे अजून भरलेले नाहीत. तात्यांनी दादरचं बियाणं मात्र राख लावून डब्यात भरून ठेवलंय.